इकामा, ईद आणि लिफ्टचा पास

13 फेब्रुवारी 2022 रोजी बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांची जायंट स्लॅलम शर्यत झाली. यानछिंगच्या डोंगरावर त्या दिवशी बर्फ पडत होता, पुढचे नीट दिसत नव्हते आणि निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास खेळाडू शर्यत पुरी करू शकले नाहीत. पुरी करणाऱ्यांच्या यादीत तळाजवळ दोन नावे लागोपाठ येतात. 45 वा आला आरिफ खान, गुलमर्गच्या परिसरात वाढलेला भारतीय खेळाडू. त्याच्या बरोबर एक जागा पुढे, 44 वा, फायिक अब्दी, सौदी अरेबिया. हिवाळी ऑलिंपिकच्या शर्यतीत उतरलेला हा पहिला सौदी.

हिमालयातला मुलगा वाळवंटाच्या देशातल्या मुलाच्या मागे राहिला, यात चमत्कार काही नाही. अब्दी लहानपणी लेबननच्या उतारांवर स्की शिकला आणि पुढे अमेरिकेत युटाच्या डोंगरांत त्याने सराव केला. सौदी अरेबियात राहून स्की शिकायचे म्हणजे विमानात बसायचे, हे तिथे सगळ्यांनाच माहीत आहे. जेद्दा-दम्मामला पिढ्यान्‌पिढ्या गेलेली रत्नागिरी-रायगडची कोकणी कुटुंबे, जुबेल-यान्बूच्या रसायन प्रकल्पांतले पुण्या-नागपूरचे इंजिनिअर, रियाधच्या रुग्णालयांतल्या परिचारिका, अशा कुणाच्याही घरी मार्चच्या सुटीत ‘या वर्षी बर्फात जाऊ’ असे ठरले, की त्यांना तोच रस्ता धरावा लागतो. बर्फ शोधणे त्यात सर्वांत सोपे असते. कॅलेंडर जुळवणे, कागद जुळवणे आणि शेवटी लिफ्टचा योग्य पास निवडणे, डोके खाजवायला लावतात ती ही कामे.

सौदीत बर्फ पडतच नाही, असे मात्र नाही. वायव्येला तबूक प्रांतात जबल अल-लौझ हा सुमारे 2,580 मीटर उंचीचा डोंगर आहे. लौझ म्हणजे बदाम. हिवाळ्यात अधूनमधून त्याचा माथा पांढरा होतो आणि तबूक शहरातून गाड्यांची रांग लागते. दक्षिणेला असीर प्रांतात अब्हाच्या आसपास पाहिले तर तिथे गारांचा मारा असा होतो, की रस्त्यावर वीतभर थर साचतो आणि समाजमाध्यमांवर तो बर्फ म्हणून खपतो. वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात वाचणाऱ्या मराठी माणसाला हा उत्साह नवा नाही. पण गारांवर स्की होत नाही आणि बदामाच्या डोंगरावरचा बर्फ दोन-चार दिवसांत विरून जातो.

याच डोंगररांगेत निओम प्रकल्पाचा भाग म्हणून ‘ट्रोजेना’ हे पर्वतीय पर्यटनस्थळ उभारण्याची घोषणा मार्च 2022 मध्ये झाली. आकाबाच्या आखातापासून सुमारे 50 किलोमीटर आत, 1,500 ते 2,600 मीटर उंचीवर स्कीचे उतार, कृत्रिम तलाव, हॉटेले असा आराखडा होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आशियाई ऑलिंपिक परिषदेने 2029 च्या आशियाई हिवाळी स्पर्धा ट्रोजेनाला बहाल केल्या. जानेवारी 2026 मध्ये मात्र तिथल्या स्पर्धा पुढे ढकलल्याचे जाहीर झाले. ज्यांनी ट्रोजेनाच्या पहिल्या लिफ्ट पासची स्वप्ने पाहिली होती, त्यांना अजून थांबावे लागणार आहे.

वाळवंटात बर्फ बनवण्याची कल्पना हास्यास्पद वाटते खरी, पण तिच्यामागचे शास्त्र पक्के आहे. बर्फाची तोफ पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत फेकते आणि ते खाली पडेपर्यंत गोठतात. तिला हवा थंड लागते, तशी कोरडीही लागते. कोरड्या हवेत तुषारांचे थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले आणखी गार होते. म्हणून तापमान शून्याच्या किंचित वर असले, तरी कोरड्या प्रदेशात बर्फ बनवता येतो आणि दमट प्रदेशात तेवढ्याच तापमानाला तो बनत नाही. तबूकच्या डोंगरावरची हिवाळी रात्र कोरडी आणि थंड, दोन्ही असते. खरी अडचण पाण्याची आहे. ते समुद्रातून घ्यायचे, गोडे करायचे आणि दोन किलोमीटर उंच चढवायचे. बीजिंगच्या ज्या उतारांवर अब्दी आणि खान धावले, तेही जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फाचे होते. तिथेही पाणी दुरूनच आणले होते.

तोवर सौदीतल्या मुलांना बर्फाची ओळख होते ती मॉलमध्ये. रियाधच्या अल-ओथैम मॉलमध्ये 2016 साली ‘स्नो सिटी’ सुरू झाली. तिथे घसरगुंड्या आहेत, बर्फात लोळता येते, पण खरे स्कीइंग नाही. त्यासाठी दुबई गाठावी लागते. मॉल ऑफ द एमिरेट्समधले ‘स्की दुबई’ 2005 पासून चालू आहे. सर्वांत लांब उतार 400 मीटरचा, उंची सुमारे 85 मीटर, वर जायला चार जणांची चेअरलिफ्ट. बाहेर 45 अंश असताना आत उणे एक-दोन. जॅकेट, पँट, बूट आणि स्की तिकिटातच मिळतात.

स्की दुबईला हसणारे पुष्कळ आहेत. पण पहिल्यांदा डोंगरावर जाणाऱ्या कुटुंबासाठी ही जागा फार उपयोगाची. स्कीचे बूट पायात घट्ट आवळले की चालणे किती अवघड होते, सात वर्षांच्या मुलाला थंडी सोसते की तो अर्ध्या तासात रडायला लागतो, बाबांचे गुडघे काय म्हणतात, या सगळ्याचा निकाल दोन तासांत लागतो. रियाधहून सुमारे हजार किलोमीटर गाडी हाकत दुबईला जाणारी कुटुंबे तशीही कमी नाहीत. त्यातली एक दुपार या परीक्षेसाठी ठेवली, तर पुढचे हजारो रियाल वाया जाण्याचे टळते. शिवाय लिफ्टच्या दुनियेतला पहिला धडा इथेच मिळतो. नुसते बर्फात खेळण्याचे तिकीट वेगळे, उतारावर स्की करण्याचे वेगळे. आणि उतारावर सोडण्याआधी थांबता-वळता येते का, हे पाहिले जाते. येत नसेल तर आधी शिकवणी.

आता कॅलेंडर. सौदीतल्या भारतीय शाळा बहुतेक सीबीएसईच्या. परीक्षा मार्चच्या पूर्वार्धात संपतात आणि नवे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. मधले दोन-तीन आठवडे मोकळे. अडचण आई-बाबांच्या रजेची असते आणि तिथे सध्या नशिबाची साथ आहे. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दर वर्षी तेवढा अलीकडे सरकतो. 2026 मध्ये ईद-उल-फित्र मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, 2027 मध्ये 10 मार्चच्या आसपास, 2028 मध्ये फेब्रुवारीच्या शेवटी. म्हणजे या काही वर्षांत ईदची सुटी ऐन स्कीच्या मोसमात पडते आहे. खाजगी नोकरीत ईदला चार दिवसांची सुटी कायद्याने मिळते. तिला शुक्रवार-शनिवारची आठवडी सुटी आणि रजेचे दोन दिवस जोडले, की आठवडा तयार होतो. हा योगायोग फार टिकणार नाही. थोड्याच वर्षांत ईद भर हिवाळ्यात जाईल आणि भारतीय शाळांची मुले तेव्हा वर्गात असतील.

याची दुसरी बाजूही आहे. ईदच्या सुटीत सगळे आखात एकदम बाहेर पडते. तिबिलिसीची, बाकूची, इस्तंबूलची तिकिटे त्या आठवड्यात भडकतात आणि डोंगरावरच्या लिफ्टच्या रांगेत अरबी भाषा जास्त ऐकू येते. ज्यांना रजा मिळते, त्यांनी ईदच्या आधीचा आठवडा धरावा किंवा नंतरचा. रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांचे कामाचे तास सहा असतात, कचेऱ्या संथ चालतात आणि साहेब रजेला सहज हो म्हणतो, असा अनेकांचा अनुभव. रोजे ठेवणाऱ्या कुटुंबाला मात्र हा पर्याय नाही. तीन हजार मीटरवर, पाण्याचा घोट न घेता दिवसभर स्की करणे शहाणपणाचे नाही.

कागदांची गोष्ट अधिक किचकट आहे. सौदीत राहणाऱ्या परदेशी माणसाला देशाबाहेर जाऊन परत यायचे तर ‘खुरूज-औदा’, म्हणजे बाहेर जाण्या-येण्याचा परवाना लागतो. तो अबशेर या सरकारी संकेतस्थळावर काढता येतो. एका फेरीचे दोन महिन्यांपर्यंत 200 रियाल, तेही माणशी. चौघांचे 800 रियाल इथेच गेले. पूर्वी कफील, म्हणजे नोकरी देणारा मालक, सही करेल तेव्हा हे व्हायचे. मार्च 2021 पासूनच्या सुधारणांनी बऱ्याच कामगारांना हा परवाना स्वतः काढण्याची मुभा मिळाली आहे.

मग जायचे कुठे? जॉर्जियातले गुदाउरी हे आखातातल्या भारतीयांचे आवडते ठिकाण. रियाध, जेद्दाहून तिबिलिसीपर्यंत थेट विमान, तिथून गाडीने 120 किलोमीटर. उतार सुमारे 2,000 मीटरपासून 3,276 मीटरपर्यंत, झाडे जवळजवळ नाहीत, मोसम एप्रिलपर्यंत. भारतीय पारपत्र आणि सौदी इकामा, म्हणजे निवास परवाना, हातात असला की जॉर्जियात व्हिसा लागत नाही, हे इतकी वर्षे सगळ्यांना पाठ झाले होते. एप्रिल 2025 मध्ये त्यात मेख बसली. आखाती देशांचा निवास परवाना प्रवेशाच्या दिवशी किमान एक वर्ष तरी शिल्लक असावा, अशी अट आली. इकाम्याचे नूतनीकरण बहुतेकांचे वर्षावर्षाने होते आणि काही कंपन्या तर तीन-तीन महिन्यांचे करतात. म्हणजे पुष्कळांना ई-व्हिसाच काढावा लागणार. 1 जानेवारी 2026 पासून जॉर्जियाने प्रवाशांना आरोग्य आणि अपघात विमाही सक्तीचा केला आहे. असे नियम वर्षात दोनदाही बदलतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी दूतावासाचे पान उघडून पाहावे आणि सगळे कागद छापून जवळ ठेवावेत. मोबाईलमधल्या फोटोवर सीमेवरचा अधिकारी समाधानी होईलच असे नाही.

दुसरे ठिकाण कझाकस्तानातले शिंबुलाक. अल्माटी शहराच्या डोक्यावरच, मेदेव येथून गोंडोला धरून चढायचे. तळ 2,260 मीटर, वरचे टोक तालगार खिंडीजवळ 3,180 मीटर. मुक्काम शहरात, त्यामुळे एखाद्या दिवशी कुणाला बर्फाचा कंटाळा आला तर बाजार, हमामखाना, संग्रहालय आहेच. शिवाय भारतीय पारपत्रावर कझाकस्तानात 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, मग इकाम्याची मुदत काही का असेना. घरी महाराष्ट्रातून आजी-आजोबा भेटीच्या व्हिसावर आलेले असतील तर हा मुद्दा फार महत्त्वाचा. पण त्यांचा सौदी व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर बर्फ पाहून परतताना त्यांना सौदीत घेणार नाहीत. अशा वेळी आजीला अल्माटीहून थेट मायदेशी पाठवायचे ठरवून तिकिटे काढावी लागतात.

तिसरा रस्ता घराकडे जाणारा : गुलमर्ग. वार्षिक सुटीला जाताना वाटेत चार दिवस काश्मीर. तिथला गोंडोला दोन टप्प्यांचा. पहिला कोंगदूरीपर्यंत, 1998 पासून. दुसरा अफरवटच्या जवळ साधारण 3,950 मीटरपर्यंत, 2005 पासून. दुसऱ्या टप्प्यावरून दिसणारे उतार जगभरच्या पट्टीच्या स्कीपटूंना खेचून आणतात, कारण तिथला बर्फ रोलर फिरवून बसवलेला नसतो. नेमक्या त्याच कारणाने नवख्याने तिथून स्कीवर उतरायचे नाव काढू नये. फेब्रुवारी 2024 मध्ये याच भागात हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. नवख्यांसाठी खालचे मैदान आणि छोट्या लिफ्टा पुरेत. मात्र मार्च सरता सरता गुलमर्गचा खालचा बर्फ पातळ होतो. एप्रिलची वाट पाहणाऱ्यांनी ही आशा धरू नये.

वसंतातल्या बर्फाचे वागणे समजले, तर पास निवडणे अर्धे सोपे होते. मार्च-एप्रिलमध्ये दिवसा ऊन तापते आणि रात्री पुन्हा गोठते. सकाळी नऊला उतार काचेसारखे कडक असतात, नवखा तिथे आपटतो. दहा-साडेदहाला वरचा पापुद्रा सुटतो आणि एकेक दाणा मोकळा होतो. पुढचे दोन-तीन तास वसंतातले सर्वांत गोड स्कीइंग. दुपारी एक-दोननंतर खालच्या उतारांवर नुसता चिखल, त्यात स्की रुतते आणि गुडघा पिळवटतो. पूर्वेकडचा उतार आधी सुटतो, उत्तरेकडचा शेवटपर्यंत टिकतो. म्हणून सकाळी पूर्वेला आणि दुपारी उत्तरेला किंवा उंचावर, असे जुने स्कीपटू सूर्यामागे फिरतात.

आता अर्ध्या दिवसाच्या पासाकडे पाहा. बहुतेक ठिकाणी तो दुपारी बारा-साडेबारापासून पुढचा असतो. जानेवारीत तो चांगला सौदा. मार्चच्या अखेरीला तोच पास तुम्हाला चिखल विकतो. सकाळचा अर्धा दिवस विकणारी ठिकाणे थोडी आहेत, पण आहेत. तसा पास मिळत असेल तर लहान मुलांच्या कुटुंबाने वसंतात डोळे झाकून तोच घ्यावा. साडेदहा ते दीड स्की, मग जेवण, मग मुले बर्फाचा माणूस करत बसतील.

लिफ्टचा पास ही कल्पना मराठी वाचकाला खरे तर ओळखीची आहे. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ योजना आठवा : चार किंवा सात दिवसांचे पैसे एकदा भरा आणि त्या प्रकारच्या कुठल्याही गाडीत कितीदाही चढा. लिफ्टचा पासही तसाच. दिवसभरात तीनदा वर गेलात काय आणि तीसदा गेलात काय, पैसे तेवढेच. म्हणून ज्याच्या पायात जोर आहे त्याला तो स्वस्त पडतो आणि जो दर उतारानंतर अर्धा तास बसतो त्याला महाग.

नवख्या कुटुंबाची सर्वांत मोठी उधळपट्टी इथेच होते. पहिल्या दिवशी काउंटरवर जाऊन चौघांसाठी सगळ्या डोंगराचे पाच दिवसांचे पास घेतले जातात. पण पहिले दोन दिवस नवखा माणूस असतो कुठे? शंभर-दोनशे मीटरच्या सपाट उतारावर, सरकत्या पट्ट्याच्या कडेला. या पट्ट्याला सगळीकडे मॅजिक कार्पेट म्हणतात. उभे राहायचे, तो वर नेऊन सोडतो. कित्येक ठिकाणी हा पट्टा फुकट असतो किंवा त्याचे वेगळे, बरेच स्वस्त तिकीट असते. काउंटरवरचा माणूस ते आपण होऊन सांगेलच असे नाही, विचारावे लागते.

हिशेब मांडून पाहू. समजा अल-खोबरचे चौघांचे कुटुंब आहे, आई-बाबा, बारा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. सोयीसाठी धरू, की मोठ्या माणसाचा दिवसाचा पास 100 रियाल आणि मुलांचा 60. पाच दिवस सगळ्यांनी सगळा डोंगर घेतला तर 1,600 रियाल. त्याऐवजी पहिले दोन दिवस चौघेही फक्त शिकाऊ उतारावर, माणशी रोज 25 रियाल धरले तर 200. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना पूर्ण पास, 640. पाचव्या दिवशी मुलगा नक्की म्हणणार की आज नको. त्याच्यासोबत आई गावात थांबली, बाबा आणि मुलगी वर गेली, 160. एकूण 1,000. वाचलेल्या 600 रियालांत प्रशिक्षकाची शिकवणी बसते आणि ती पासापेक्षा कितीतरी मोलाची. नवऱ्याने बायकोला आणि बापाने मुलाला स्की शिकवू नये, हा अलिखित नियम जगातल्या प्रत्येक डोंगरावर पाळण्याजोगा आहे.

सलग दिवसांचा पास आणि सुटे दिवस, यांतला फरकही पाहावा. ‘सलग पाच’ म्हणजे मधल्या दिवशी वादळ आले तरी दिवस जळाला. ‘सात दिवसांतले कोणतेही पाच’ थोडा महाग, पण मार्चमध्ये त्याला अर्थ आहे. गुदाउरीसारख्या झाडे नसलेल्या उघड्या डोंगरावर वारा सुटला की वरच्या लिफ्टा थांबवतात, खालच्या दोन-तीन तेवढ्या चालतात. एखादी लिफ्ट बंद राहिल्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. सगळा डोंगर बंद झाला तर काय, ते पास घेण्याआधी नियमांत वाचावे. आखातातून निघणाऱ्यांना आणखी एक धास्ती असते. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षात या भागातले हवाई मार्ग अचानक बंद झाले होते. म्हणून रक्कम परत मिळणारा किंवा तारीख बदलता येणारा पास, थोडे जास्त पैसे गेले तरी परवडतो.

मग ते प्रचंड पास कुणासाठी असतात? इटलीच्या डोलोमाइट डोंगरांत 1974 पासून ‘डोलोमिती सुपरस्की’ हा एकच पास बारा स्की-प्रदेशांत, सुमारे 1,200 किलोमीटरच्या उतारांवर चालतो. अमेरिकेत व्हेल रिझॉर्ट्सने 2008 मध्ये ‘एपिक पास’ आणला, पूर्ण मोसमाचा, 579 डॉलरला. आज त्याच कंपनीच्या मोठ्या डोंगरांवर ऐनवेळी काउंटरवर घेतलेले एका दिवसाचे तिकीट 300 डॉलरच्या पुढे जाऊ शकते. यामागचे गणित सरळ आहे. बर्फ किती पडेल याचा भरवसा नाही. म्हणून गिऱ्हाइकाकडून उन्हाळ्यातच पैसे घ्यायचे आणि जो ऐनवेळी येईल त्याला इतके महाग पाडायचे, की पुढच्या वर्षी तोही आधी घेईल. वर्षातून एकदा, एका आठवड्यासाठी येणाऱ्या कुटुंबाला मोसमाच्या पासाचा उपयोग नाही. या गणितातून त्याने एवढेच उचलावे, की जिथे जिथे ऑनलाइन विक्री आहे तिथे चार-आठ दिवस आधी घेतलेला पास बहुधा स्वस्त पडतो आणि शनिवार-रविवारपेक्षा मधले वार बरे. सौदीतल्या कुटुंबाला मधले वार सोपे जातात, कारण आपली आठवडी सुटी शुक्रवार-शनिवार आणि तिकडची शनिवार-रविवार.

मुलांच्या वयाची मर्यादा प्रत्येक डोंगराची वेगळी असते. कुठे सहा वर्षांपर्यंत फुकट, कुठे आठ, कुठे जन्मवर्ष पाहतात तर कुठे त्या दिवशीचे पुरे वय. पारपत्राची प्रत खिशात असू द्यावी. तान्हे मूल असेल तर ‘पालक पास’ मिळतो का, ते विचारावे. काही देशांत आई-बाबांनी एकच पास आळीपाळीने वापरण्याची सोय असते, एक जण वर, दुसरा मुलापाशी. स्की न करणाऱ्या आजीसाठी पूर्ण पास घेऊ नये. गोंडोलाने वर जाऊन खाली येण्याचे पायी प्रवाशाचे तिकीट वेगळे असते. मात्र समुद्रसपाटीवरच्या अल-खोबरहून निघून दुसऱ्याच दिवशी 3,000 मीटरवर जाताना दम्याच्या किंवा हृदयरोगाच्या माणसाने आधी डॉक्टरांशी बोलावे. तरुणांनाही पहिल्या दिवशी डोके दुखते. भरपूर पाणी प्यावे आणि पहिली रात्र लवकर झोपावे.

पासाचे कार्ड डाव्या खिशात ठेवायचे, कारण फाटकावरचे कार्ड वाचणारे यंत्र साधारण डावीकडे असते. मोबाईल उजव्या खिशात. दोन्ही एकाच खिशात ठेवले की फाटक उघडत नाही आणि मागची रांग वैतागते.

भाड्याच्या दुकानात वजन खरे सांगावे, हे लिहिण्याची वेळ यावी हे हसू येण्याजोगे असले तरी गरजेचे आहे. बूट स्कीला धरून ठेवणारी पकड तुमचे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि कौशल्य पाहून बसवतात. पडल्यावर ती वेळेवर सुटली पाहिजे. दहा किलो वजन जास्त किंवा कमी सांगितले तर ती सुटायची तेव्हा सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटते, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटणे ही मोठ्या माणसांची सर्वांत नेहमीची स्की-दुखापत आहे. विमा घेताना ‘स्कीइंग’ हा शब्द पॉलिसीत आहे का, ते पाहावे. साध्या प्रवासी विम्यातून तो बहुधा वगळलेला असतो. डोंगरावरून स्ट्रेचरने खाली आणणे फुकट नसते.

उन्हाला सौदीतला माणूस भीत नाही आणि वसंतात तोच फसतो. दर हजार मीटर चढल्यावर अतिनील किरण सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले 80 टक्क्यांपर्यंत परत फेकतो. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या आतही कातडी भाजते. गडद गॉगल मुलांच्या डोळ्यांवरून दिवसभर उतरू देऊ नये.

तयारी घरीच करता येते. निघण्याआधी सहा आठवडे रोज जिने चढावेत, भिंतीला पाठ टेकून खुर्चीच्या बैठकीत मिनिटभर बसावे. हातमोजे, आतले गरम कपडे आणि मोजे डोंगरावर दामदुपटीने मिळतात, ते रियाध-जेद्दाच्या दुकानांत हिवाळी सेल लागतो तेव्हा घ्यावेत. मोजे सुती नकोत, ते ओले राहतात. स्की, बूट आणि हेल्मेट मात्र भाड्यानेच.

आणि शेवटच्या दिवशी एक काम विसरू नका. पासाच्या कार्डावर बहुतेक ठिकाणी अनामत रक्कम घेतलेली असते. कार्ड परत केले की ती मिळते, पण काउंटर लिफ्टांबरोबरच संध्याकाळी बंद होतो, आणि पहाटेच्या विमानासाठी निघालेल्या कुटुंबाला तो उघडा सापडत नाही. चौघांची कार्डे आदल्या दुपारीच परत करा.